वर्गणीविना वाटा

मे 2023 मध्ये कोळसा कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार झाला. 1 जुलै 2021 पासून पाच वर्षांसाठी किमान 19 टक्क्यांची वाढ त्यातून पदरात पडली. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उमरेड, सावनेर, वणी येथील खाणींत ही वाढ देताना कोणाही कायम कामगाराला ‘तू युनियनचा सभासद आहेस काय?’ असे विचारले गेले नाही. वर्गणी भरणारा आणि न भरणारा, दोघांचाही वाटा सारखाच!

वर्गणी चुकविणाऱ्याला स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्येच दाखवून दिले की, जे फळ सर्वांना मिळणारच आहे त्यासाठी एकट्याने झीज सोसू नये, हा हिशेब व्यक्तीपुरता बिनचूक असतो. मात्र सर्वांनीच तो मांडला, तर झाडच उरत नाही.

नव्या औद्योगिक संबंध संहितेने हा धोका वाढविला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या या संहितेनुसार, एकाहून अधिक संघटना असतील तेथे वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळविण्यासाठी हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. म्हणजे कुंपणावर बसलेला कामगार तटस्थ राहतच नाही. त्याचे मौन मालकाच्या पारड्यात पडते.

मग सक्तीची वसुली करावी काय? कॅनडात 1946 च्या रँड निवाड्याने सभासद नसलेल्यांकडूनही वर्गणी घेण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे मात्र मुंबईचा अनुभव विसरता येणार नाही. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांमागे गेले. तरी 1946 च्या कायद्यान्वये वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. कामगारांच्या संमतीवाचून टिकणारी मान्यता चळवळीला पोखरते. घरबसल्या मिळणारी वर्गणीही तेच करील.

आणखी एक भेद करणे अगत्याचे आहे. कायम कामगार वर्गणी टाळतो तो हिशेबाने. कंत्राटी कामगार टाळतो तो भीतीने. सभासद झाल्याचे कळताच उद्याचे काम जाईल, ही धास्ती त्याच्या मानेवर असते. शिवाय कायम कामगारांचा वेतन करार त्याला लागूही होत नाही. त्याला फुकटा म्हणणे हा अन्याय आहे. खरे तर कमी मजुरीत तेच काम करून तोच इतरांचा भार वाहत असतो.

तेव्हा उपाय कायद्याच्या पुस्तकात नाही, खाणीच्या दारात आहे. दरमहा हातोहात वर्गणी घ्यावी, जमाखर्च द्वारसभेत वाचून दाखवावा, अपघाताच्या व बडतर्फीच्या प्रकरणांत सभासदामागे प्रथम उभे राहावे आणि कंत्राटी कामगाराला कार्यकारिणीत जागा द्यावी. करार झाल्याच्या दिवशी पेढे वाटणारी आणि एरवी न दिसणारी संघटना वर्गणी मागण्याचा नैतिक अधिकार गमावते. बाहेर राहिलेल्यांना दोष देण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एवढे तपासावे: आत येण्याजोगे घर आपण बांधले आहे काय?