नळच कोरडा, तर फ्लोराइड कुणाच्या दातांसाठी?

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळून अख्ख्या गावाचे दात वाचवावेत, असे काही तज्ज्ञ सांगतात. सरकारला जबरदस्तीने औषध पाजण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे विरोधक म्हणतात. १९४५ साली अमेरिकेच्या ग्रँड रॅपिड्स शहरात हा प्रयोग सुरू झाला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. आमचा प्रश्न साधा आहे. हा वाद कुणाचा? ज्याच्या घरी रोज नळाला पाणी येते त्याचा!

धरमतर खाडीच्या काठावर, पेणच्या खारेपाटात या. चहूकडे पाणी, पण खारे. त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला पोचते आणि उन्हाळ्यात खारेपाटातल्या बाया टँकरची वाट बघतात. इथे फ्लोराइड मिसळणार कशात? रिकाम्या हंड्यात?

आता यवतमाळला चला. तिथे उलटी गत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या अनेक गावांत जमिनीतूनच जास्त फ्लोराइड येते. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फारच वाढले तर हाडे वाकतात, सांधे आखडतात. पाणी उकळून उपयोग नाही, फ्लोराइड उडून जात नाही. एकदा पडलेला डाग घासून निघत नाही. या लेकरांची संमती कुणी घेतली होती? तेव्हा ते संमतीवाले कुठे होते?

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, 'फ्लोराइड म्हणजे विष' असले मेसेज डोळे झाकून पुढे ढकलू नका. बाबासाहेबांचे अनुयायी पुरावा तपासतात. प्रश्न मात्रेचा आहे. अमेरिकेत पाण्यात लिटरला ०.७ मिलिग्रॅम ठेवतात, त्याने किडके दात कमी होतात. पण घरोघर फ्लोराइडची टूथपेस्ट आल्यावर पाण्यातल्या फ्लोराइडचा वेगळा फायदा पूर्वीइतका उरलेला नाही, हेही अभ्यासकच सांगतात. आणि टूथपेस्टला पाइपलाइन लागत नाही.

मग आमच्या वस्तीत ती का पोचत नाही? आमच्या आया-आज्या मिशरीने दात घासतात. पाच रुपयांची बिस्किटे लेकरांच्या हातात, आणि २०१२ पासून बंदी असलेला गुटखा टपरीवर. दाढ दुखली की लवंग. फारच झाले तर रोज बुडवून तालुक्याला जायचे, कारण सरकारी दंतवैद्याची सोय सुरू होते ग्रामीण रुग्णालयापासून. तिथे दाढ उपटून मिळते. दाढ वाचवायची तर खाजगी दवाखाना आणि हजारोंचा खर्च. ज्याच्याकडे पैसा त्याचा दात राहतो, बाकीच्यांचा पडतो. ही दातांमधली वर्णव्यवस्था नाही तर काय?

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. 'हर घर जल'ची घोषणा २०१९ ची आहे. कागद भरपूर आहेत. कागदाची किंमत काय असते, हे आमच्याच जिल्ह्यातल्या महाडने शिकवले. तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, पण अस्पृश्यांना घोटभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ठरावात जीव आला.

आमच्या मागण्या तीन. प्रत्येक गावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल, फ्लोराइडच्या आकड्यासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. अंगणवाडीत आणि आश्रमशाळेत ब्रश-पेस्ट द्या व वर्षातून एकदा दात तपासा. ग्रामीण रुग्णालयात दात उपटायचा चिमटा आहे, तशी दात भरायचीही सोय करा.

पुढच्या ग्रामसभेत उठा आणि पहिला प्रश्न विचारा, आमच्या पाण्याचा अहवाल कुठे आहे?

जय भीम!