आधी धार, मग हत्यारे

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी एक पाट केला होता. तो डुगडुगे, तरी आई त्यावरच बसे. महाविद्यालयात आल्यावर सुतारकाम सुटले. खरे सांगायचे तर लाज वाटू लागली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने रंधा कशाला ओढावा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हौस पुन्हा जागी झाली. साठवलेल्या पैशांतून बारा हत्यारांचा स्वस्त, चकचकीत संच आणला. सागाच्या फळीवर दुसऱ्याच दिवशी पटाशी बोथट! शेजारचे सुतारकाका म्हणाले, "अरे, नव्या हत्यारालाही आधी धार लावावी लागते." त्यांनी तासभर मला दगडावर बसवले. पाठ अगदी सपाट, उतार पंचवीस-तीस अंशांचा. सागातील सिलिका पाते लवकर मारते, म्हणून धार पुन:पुन्हा लावायची.

माझे स्पष्ट मत असे की, नवशिक्याने संच घेऊच नये. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, गुण्या, हातोडी आणि धारेचा दगड एवढे पुरे. पैसे कमी पडले तर हत्यारे कमी घ्यावीत, पोलाद हलके घेऊ नये. विजेची यंत्रे झटपट कापतात खरी. पण चुकलेली आखणीही तितक्याच झटपट कापतात.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. आपण मात्र तो व्यवसाय शाळेच्या दारातच सोडून येतो.

परवा पाटाची खालची पट्टी रंधून सरळ केली. आता तो डुगडुगत नाही. लाजही उरलेली नाही.

— तृतीय वर्ष कला