जळकं ऑइल पाण्यात नको, ड्रममध्ये द्या

१ ऑगस्टला बंदी उठते, त्याआधी सगळ्याच बोटींचं ऑइल बदलतात. जुनं जळकं ऑइल जातं कुठं? थोडं भंगारवाल्याकडे, थोडं पाण्यात. खोटं कशाला बोला, आपल्याच जेटीला सकाळी तवंग दिसतो. किनाऱ्यावर डांबरगोळे आले की आपण मोठ्या जहाजांना शिव्या देतो. द्यायलाच पाहिजेत, पण आपल्या डब्याचं काय?

२०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. तो परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचा, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. भंगारवाला चार पैसे देतो खरा, पण पुढे ते भट्टीत जातं की भेसळ होऊन परत आपल्याच इंजिनात, देव जाणे.

हे नियम कारखाने बघून केलेत. दहा-पंधरा लिटरसाठी एकेका होडीवाल्याने कागद रंगवायचे, हे जमणारं नाही. म्हणून आमचं मत, सोसायटीने जेटीवर झाकणाचा ड्रम ठेवावा आणि सगळ्यांचं एकदम द्यावं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या रिसायकलिंगची जबाबदारी ऑइल कंपन्यांवरही आली आहे. मग त्यांची गाडी जेटीपर्यंत का येऊ नये? हे आपण मिळून मागू.

आणि हो, ड्रममध्ये बोटीच्या तळाचं पाणी ओतू नका. पाणी मिसळलं की माल खराब होतो.