बिनशर्त मत बंद करा!

ठाणे, कळवा-मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ येथील मतदार बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

हे पत्रक कोणत्याही पक्षाने काढलेले नाही. कोणाला मत द्या किंवा कोणाला पाडा, हे यात सापडणार नाही. आपण आजवर मत कसे देत आलो आणि त्याचा लाभ कोणी उठवला, एवढाच हिशेब यात मांडला आहे. तो चुकीचा वाटला तर पत्रक फाडून टाका. पटला तर पुढची लोकसभा येईपर्यंत जपून ठेवा.

एक बटण, तीन प्रश्न

लोकसभा आली की आपल्याकडे उमेदवाराचे नाव शेवटी निघते. 'मोदींकडे बघून दिले.' 'शिंदेसाहेब अडीअडचणीला धावतात.' 'उद्धवजींशी जे झाले ते बरे झाले नाही.' 'राजसाहेबांचे भाषण ऐकायचे, मताचे नंतर बघू.' नौपाडा असो, वागळे इस्टेट असो की फडके रोड, २०२४च्या उन्हाळ्यात हीच वाक्ये कानावर पडत होती आणि आपल्याही तोंडी होती. नेत्याविषयी मत असण्यात गैर काहीच नाही. पण २० मे २०२४ रोजी मतदान यंत्रावर या चौघांपैकी एकाचेही नाव नव्हते. ठाण्यात मुख्य लढत नरेश म्हस्के आणि राजन विचारे यांच्यात होती, कल्याणात श्रीकांत शिंदे आणि वैशाली दरेकर-राणे यांच्यात.

दोन्हीकडे एका बाजूला शिंदेसेनेचा धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला उद्धव ठाकरेंची मशाल. ज्याला मोदी हवे होते त्याने धनुष्यबाण दाबला, ज्याला मोदी नको होते त्याने मशाल. खरी शिवसेना कोणाची, याचा निकाल ज्याला लावायचा होता त्यानेही हीच दोन बटणे दाबली. दिल्लीत कोण बसणार, पक्ष कोणाचा आणि आपला खासदार कोण, या तीन प्रश्नांना एकच उत्तर द्यावे लागले. त्यातला तिसरा प्रश्न तर विचारलाच गेला नाही.

हे आजचे नाही. १९७७ साली ठाण्याने रामभाऊ म्हाळगींना दिल्लीला पाठवले, पुढे राम कापसेंना पाठवले. १९९६ साली युतीच्या वाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली. त्या दिवसापासून ठाण्याच्या भाजप मतदाराला लोकसभेला कमळ दाबायला मिळालेले नाही. कल्याण मतदारसंघ २००९ साली झाला, तेव्हापासून तिथेही तेच. काँग्रेसच्या मतदाराची गत वेगळी नाही. २००९ ते २०१९ त्याला राष्ट्रवादीचे 'घड्याळ' दाबा म्हणून सांगितले गेले, २०२४ साली 'मशाल'. म्हणजे जागावाटपाच्या बैठकीत जे ठरले त्याला साजेसे हिशेबी मतदान आपण निमूटपणे करत आलो. हिशेब त्यांचा, बोट आपले.

'मत फुकट घालवू नका' म्हणणारे कोण?

निवडणुकीच्या आधी चार दिवस दारावर येणारा कार्यकर्ता एक वाक्य हमखास ऐकवतो : त्याला देऊन मत फुकट घालवू नका. जरा आकडे बघू.

२००९ साली ठाण्यात राष्ट्रवादीचे संजीव नाईक ३,०१,००० मते घेऊन निवडून आले. शिवसेनेच्या विजय चौगुले यांना २,५१,९८० आणि मनसेच्या राजन राजे यांना १,३४,८४० मते पडली. मनसेने मराठी मते फोडली, असा गजर तेव्हा झाला. जणू ती एक लाख चौतीस हजार मते कोणाच्या तरी वाडवडिलांची इस्टेट होती! ज्या मतदाराला प्रस्थापित सेना नको होती त्याने तसे सांगितले. मत फुटले नाही, ते बोलले. त्याच वर्षी कल्याणात शिवसेनेचे आनंद परांजपे सुमारे २४ हजारांनी निवडून आले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या मनसेने लाखाच्या वर मते घेतली. एवढ्या अटीतटीत मतदाराने आकडेमोड केली तर ते समजण्यासारखे आहे.

पण त्यानंतर? कल्याणात विजयाचा फरक २०१४ साली अडीच लाखांचा, २०१९ साली ३ लाख ४४ हजारांचा, २०२४ साली २ लाख ९ हजारांचा. ठाण्यात २०१९ साली ४ लाखांवर आणि २०२४ साली २ लाख १७ हजारांवर. जिथे फरक लाखांत आहे तिथे मत फुकट जाण्याची भीती कशाला? तिथे मनाला पटेल त्या उमेदवाराला बेधडक मत द्यावे. ही भीती आपल्याला दाखवली जाते, कारण भ्यालेला मतदार काही मागत नाही.

मतदारसंघ कोणता, हेही नीट बघा. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे, पण लोकसभेला कल्याणात. कल्याण पश्चिम तर भिवंडी मतदारसंघात. २०२४ साली भिवंडीत केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील ६६ हजारांनी पडले आणि अपक्ष नीलेश सांबरे यांनी २ लाख ३१ हजार मते घेतली. रुळांच्या पूर्वेला एक गणित, पश्चिमेला दुसरे. तरी मोबाइलवर फिरणारा सल्ला मात्र दोन्हीकडे एकच!

नेत्यांचा हिशेब बघा

आनंद परांजपे २००९ साली शिवसेनेचे खासदार. २०१४ साली कल्याणात आणि २०१९ साली ठाण्यात राष्ट्रवादीकडून शिवसेनेविरुद्ध उमेदवार. राष्ट्रवादी फुटल्यावर अजित पवारांसोबत, म्हणजे पुन्हा शिंदेसेनेच्या युतीत. वैशाली दरेकर २००९ साली मनसेच्या उमेदवार. २०२४ साली त्या मशालीवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा जुना पक्ष समोरच्या उमेदवाराच्या प्रचारात होता. संजीव नाईक राष्ट्रवादीचे खासदार, आता भाजपमध्ये. पक्ष बदलणे हा त्यांचा हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्यांच्यावरच्या निष्ठेपायी शेजाऱ्याशी आयुष्यभराचे वैर धरणाऱ्यांनी ही यादी एकदा सलग वाचावी.

मनसेची गोष्ट सर्वांत बोलकी. २०१४ साली राज ठाकरे यांचा पंतप्रधानपदासाठी मोदींना पाठिंबा, तरी कल्याणात राजू पाटील युतीच्या श्रीकांत शिंदेंविरुद्ध उभे. २०१९ साली एकही उमेदवार न देता मोदी-शहांविरुद्ध 'लाव रे तो व्हिडिओ'. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याला, शिवाजी पार्कवर महायुतीला 'बिनशर्त पाठिंबा'. आणि सात महिन्यांनी विधानसभेला, कल्याण ग्रामीणमध्ये त्याच शिंदेसेनेने मनसेच्या एकमेव आमदारासमोर उमेदवार दिला आणि ६६ हजारांहून अधिक मतांनी पाडले. जुलै २०२५ मध्ये वरळीत दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले.

यातून एकच धडा घ्यायचा. शिवाजी पार्क भरवणाऱ्या नेत्याने बिनशर्त दिले, तरी त्याच्या पदरात सात महिन्यांनी काही पडले नाही. मग तुमच्या-आमच्या बिनशर्त मताला कोण विचारणार?

घरी बसणारे सर्वांत मोठा पक्ष

२०२४ साली कल्याणात २० लाखांवर मतदार होते आणि मतदान झाले जेमतेम निम्मे. श्रीकांत शिंदे आणि वैशाली दरेकर यांची मते एकत्र केली तरी ९ लाख ७० हजार होतात. घरी राहिलेले त्याहून जास्त! 'सगळे सारखेच' म्हणून जो बाहेर पडला नाही त्याला वाटते, आपण निषेध केला. कोणत्याही पक्षकार्यालयात या निषेधाची नोंद होत नाही. तिथे फक्त एवढेच कळते, की या भागाकडे लक्ष देण्याची गरज नाही. निषेधच करायचा तर 'नोटा' दाबा. निकाल त्याने बदलत नाही, पण मोजणीत तरी येतो.

अट घालायची ती अशी

अटीवर मत देणे आपल्याला नवीन नाही. गृहनिर्माण सोसायट्या ते करतातच : पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, जिन्याला रंग. गेटवर उमेदवाराचा फलक लागतो आणि सगळ्या विंगा खूश. संसदेच्या मताला जिन्याच्या रंगाचा भाव! ही मागणी नगरसेवकाकडे करायची. खासदाराकडे केंद्राचे मागा.

रेल्वे केंद्राची आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसे रुळांवर पडली आणि मेली. कल्याणच्या पुढच्या प्रवाशाला ठाणे न गाठता नवी मुंबईकडे वळवणारा कळवा-ऐरोली उन्नत मार्ग २०१६ साली मंजूर झाला, तो अजून झालेला नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा, मतदानानंतर तिसऱ्या दिवशी. कारखान्यांची तपासणी राज्याकडे असली तरी घातक रसायनांचे नियम केंद्राचे आहेत. सभागृहात त्यावर सरकारला धारेवर धरणे खासदाराचे काम आहे.

म्हणून पुढच्या लोकसभेआधी प्रत्येक सोसायटीने, चाळीने, प्रवासी गटाने एवढे करावे :

१. आपला मतदारसंघ ओळखा आणि गेल्या निवडणुकीचा बूथनिहाय निकाल, म्हणजे 'फॉर्म २०', बघा. लढत खरोखर अटीतटीची आहे का, ते स्वतः ठरवा.

२. प्रत्येक उमेदवाराला तीन प्रश्न लेखी द्या. उत्तर लेखी मागा. ज्याने उत्तर दिले नाही त्याचे नाव फलकावर लिहा.

३. विद्यमान खासदाराची संसदेतली हजेरी, विचारलेले प्रश्न आणि वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटींच्या निधीचा हिशेब तपासा. ही माहिती सरकारी संकेतस्थळांवर उपलब्ध असते.

४. नेत्यासाठी मत द्यायचे असेल तर खुशाल द्या, पाडापाडीसाठी द्यायचे असेल तरीही द्या. पण बदल्यात काय हवे, ते मतदानाआधी सांगून द्या.

'एकट्याच्या अटीला कोण भीक घालतो?' असे कोणी म्हणेल. एकट्याच्या नाही, पण चारशे घरांच्या संकुलाच्या यादीला घालतात. पेव्हर ब्लॉक त्याशिवाय आले नसते. तीच ताकद यापुढे लोकलच्या दारासाठी वापरा. तुमच्या इमारतीतले तीन प्रश्न कोणते, हे ठरवायला येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दहा मिनिटे काढा आणि ठरलेले इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आपले,
ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील काही मतदार

(वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या.)