क्रोशाची नवी पिढी आणि तासाचा हिशोब

विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी क्रोशाची सुई पुन्हा हातात घेतली आहे, पण काम मात्र आज्यांचे नाही. पूर्वी नागपुरातल्या घरांत क्रोशाची जागा ठरलेली असे: रुखवतातले रुमाल, दारावरचे तोरण, टीव्हीचे आवरण, बाळंतविड्यातली टोपडी आणि मोजे. बारीक पांढरा दोरा, मिलिमीटरभर जाडीची पोलादी सुई, आणि एका टेबलक्लॉथला महिनेच्या महिने. मुलीच्या हाताला वळण आहे हे सासरी दिसावे, एवढाच बहुतेक वेळा त्या कामाचा उपयोग. विकण्यासाठी कोणी फारसे विणत नसे. आज कॉलेजातली मुलगी सूर्यफूल विणते, ट्युलिपचा गुच्छ विणते, बकेट हॅट, खांद्याची पिशवी, किल्लीला अडकवायचा ससा विणते. तीन ते पाच मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची सुई, जाड लोकर, आणि एक-दोन बैठकांत वस्तू हातावेगळी. तिचा फोटो त्याच दिवशी इन्स्टाग्रामवर जातो आणि ओळखीतून पहिली ऑर्डर येते.

2020 च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेकांनी यूट्यूब पाहून पहिली साखळी घातली, हे खरे. पण टाळेबंदी उठल्यावरही सुई हातात राहिली, त्याचे कारण या कलेच्या रचनेत आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात. एक निसटला की खालपर्यंत धाव जाते. क्रोशात एकावेळी एकच फास उघडा असतो. चूक झाली तर तेवढेच उसवायचे, बस आली तर काम पिशवीत टाकायचे.

शिवाय क्रोशा गणिताने चालतो. विणलेल्या खेळण्यांचा, म्हणजे जपानी अमिगुरुमीचा, गोल घेऊ. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून मिटणाऱ्या सुरुवातीच्या फासात, सहा मुके खांब, म्हणजे आखूड टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एकाआड एक टाक्यात वाढ, म्हणजे अठरा. दर फेरीला सहा वाढवत गेले की चकती सपाट राहते. वाढ थांबवली की कडा उभ्या राहून वाटी होते. मग सहा-सहा कमी करत आणले की चेंडू मिटतो. आणि वाढ सहापेक्षा बरीच जास्त ठेवली तर कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात. गणितज्ञ डायना तैमिना यांनी 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अतिपरवलयी भूमिती शिकवण्यासाठी याच चुण्यांचा उपयोग केला. इंजिनिअरिंगच्या मुलांनाही हे काम का आवडते, ते यातून कळते.

क्रोशाचे आणखी एक वैशिष्ट्य व्यवसायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सुई विणून झालेल्या कापडात कुठेही खुपसून नवा टाका उचलावा लागत असल्याने या कामाचे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. प्रयोगशाळेत प्रयत्न चालू आहेत, तेवढेच. दुकानात 'क्रोशे' म्हणून मिळणारे यंत्राचे जाळीदार कापड वेगळ्या विणीचे असते. खरा क्रोशाचा टॉप फार स्वस्त मिळत असेल, तर कोणाचे तरी हात त्यात फुकट राबले आहेत.

हे कसे होते याचा दाखला आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरचा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी क्रोशाच्या लेसचे काम आणले आणि हजारो बायका घरी बसून निर्यातीचा माल विणू लागल्या. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांच्यावर 1982 मध्ये पुस्तक लिहिले. दिवसातले सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना सगळे गृहिणीच समजत, त्यांचे काम रिकाम्या वेळेतले धरले जाई, आणि म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी मिळे. नरसापूरच्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नाव मिळाले म्हणून मजुरी आपोआप वाढत नाही.

काम रिकाम्या वेळेतले धरण्याची नेमकी हीच चूक नागपुरातली नवी पिढी स्वतःच्या हाताने करते आहे. समजा, एका सशाला लोकर, आतला कापूस आणि डोळे मिळून 80 रुपये लागले आणि विणायला, जोडायला पाच तास. तो 250 रुपयांना विकला तर तासाला 34 रुपये पडले. तासाचे 60 धरले तरी किंमत 380 होते. 'छंदच तर आहे' म्हणून स्वस्तात देणारी मुलगी शेजारच्या गल्लीत पोटासाठी विणणाऱ्या बाईचाही दर पाडते. शासनाच्या आधाराचीही मर्यादा आहे: कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपी आहे, क्रोशा नाही.

मालाकडेही लक्ष द्यायला हवे. नागपूरच्या बर्डी-इतवारी बाजारांत लोकर म्हणून मिळते ती बहुधा अ‍ॅक्रेलिक. रंग सुरेख, भाव परवडणारा. पण मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या शहरात तिचा टॉप अंगावर ठरत नाही. इस्त्री लागली की वीण लुळी पडते, आणि दिव्याजवळचे तोरण ज्योत लागली तर वितळून टपकते. ज्या शहरात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली, जिथे केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि ज्याच्या भोवती वर्धा-यवतमाळचा कापूस पिकतो, तिथल्या विणणाऱ्यांनी सुती दोरा अपवाद म्हणून वापरावा, हे खटकते. सुताला लवचीकपणा कमी, त्यामुळे नवशिक्याचा हात दुखतो. पिशवीचा पट्टा वजनाने लांबतो, म्हणून तो मुक्या खांबांनी घट्ट विणावा लागतो. हे शिकवता येण्यासारखे आहे.

शिकवण्याची उणीव शेवटच्या टप्प्यातही दिसते. व्हिडिओ पाहून शिकलेल्यांचा टाका बरा असतो, पण टोके आत ओवून लपवणे, माल ओला करून मापात ताणून वाळवणे याला बगल दिली जाते आणि दुसऱ्या धुण्यात वस्तू उसवते. नमुन्यांचाही घोळ होतो: अमेरिकी नमुन्यातला डबल क्रोशे हा ब्रिटिश नमुन्यातला ट्रेबल, म्हणजे मराठी वर्गातला खांब. नमुना कुठला हे न पाहता विणले की टोपी डोक्यात शिरत नाही.

नागपुरात भरणाऱ्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यासारख्या ठिकाणी हाताच्या कामाची पारख असलेले गिऱ्हाईक येते. तिथे उद्या नागपूरच्या मुलामुलींचा क्रोशा मानाने मांडला जावा असे वाटत असेल, तर वर्ग चालवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी वहीत दोन रकाने आखायला लावावेत, एक मालाचा आणि एक तासांचा. आणि आपापल्या भागातल्या विणणाऱ्यांनी एकत्र बसून तासाचा किमान दर ठरवावा व त्याखाली ऑर्डर घेऊ नये.