दिवसाची शस्त्रक्रिया, रात्रीची जबाबदारी

सकाळी रुग्णाने यावे, दुपारपर्यंत त्याची शस्त्रक्रिया व्हावी आणि सायंकाळी त्याने घरी जावे, ही पद्धत वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केली आहे. मोतीबिंदू, हर्निया, अंडवृद्धी, स्त्रियांची नसबंदी यांसाठी आठवडाभर खाट अडवण्याचे कारण उरलेले नाही. मजुरी बुडवून दवाखान्यात पडून राहणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. मात्र अशी शस्त्रक्रिया कोणी, कोठे आणि कोणाच्या जबाबदारीवर करावी, हा निर्णय केवळ डॉक्टरांवर सोपवता येण्याजोगा नाही.

या प्रश्नाचे शासनाचे जुने उत्तर म्हणजे शिबिर. ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यातील एका शाळेत एकाच डॉक्टरने दोन तासांत ५३ स्त्रियांची नसबंदी केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ, वापरात नसलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत, एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी १३ जणी दगावल्या. एका पथकाने दिवसाला तीसहून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, हा शासनाचाच दंडक होता! अखेर १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. घाई आणि उद्दिष्टांचा हव्यास हे शिबिराचे दोष सर्वांना दिसतात. पण तिसऱ्या दिवशी ताप भरलेल्या बाईने कोणाचे दार ठोठवावे? तोवर मांडव उठलेला असतो.

शासनाचे नवे उत्तर विम्याचे आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि यादीतील रुग्णालयाला शस्त्रक्रियेमागे ठरीव रक्कम मिळते. अडलेल्या रुग्णाने हा लाभ जरूर घ्यावा. परंतु पैसा रुग्णालयाच्या मागे जातो, आणि खासगी रुग्णालय गिऱ्हाईक दाट असेल तेथेच उभे राहते. ज्या तालुक्यात शल्यचिकित्सकच नाही, तेथे विम्याचे कार्ड हा निव्वळ कागद ठरतो.

मग पर्याय सार्वजनिक रुग्णालयाचा. येथे चळवळीतील एका आवडत्या मागणीचाही फेरविचार व्हावयास हवा. ‘प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू करा’ ही घोषणा सभेत टाळ्या मिळवते. पण तीस खाटांच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह एक, भूलतज्ज्ञ असलाच तर एक. सकाळी अडलेली बाळंतीण आली की हर्नियाच्या रुग्णाला परत पाठवणे भागच असते. उपाशीपोटी आलेला, सोबतीच्या माणसाचीही मजुरी बुडवलेला तो मजूर दोनदा परत गेला की तिसऱ्यांदा येत नाही. त्यात कोणाची बेपर्वाई नाही. नियोजित आणि तातडीचे काम एकाच टेबलावर ठेवल्याचा तो परिणाम आहे.

सबब, उपजिल्हा रुग्णालयात नियोजित शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रियागृह, स्वतंत्र पथक आणि ठरलेले वार असावेत. रुग्णाची पूर्वतपासणी व नंतरची देखभाल ग्रामीण रुग्णालयाने करावी. शिवाय तेथे रात्रीच्या मुक्कामासाठी काही खाटा हव्यातच. सायंकाळी घरी पाठवण्याच्या शहरी पद्धतीत घराजवळ वाहन आणि डॉक्टर असल्याचे गृहीत धरलेले असते. पाड्यावरच्या माणसाला रात्री रक्तस्राव झाला किंवा लघवी तुंबली तर त्याने काय करावे?

शासनाला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी स्कॉटलंडकडे पाहावे. क्लाइडबँक येथे १९९४ मध्ये उघडलेले एक बडे खासगी रुग्णालय तोट्यात गेले. २००२ मध्ये तेथील सरकारने ते ३ कोटी ७५ लाख पौंडांना विकत घेतले. आज ते सार्वजनिक आरोग्यसेवेत डोळ्यांच्या व सांध्यांच्या नियोजित शस्त्रक्रियांचे मोठे केंद्र आहे. तेथे अपघात विभाग नाही, म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया तातडीच्या रुग्णापायी मागे पडत नाही.

कार्यकर्त्यांना आरंभ करण्यासाठी मंत्रालयाच्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. रुग्ण कल्याण समितीत जेथे आपला माणूस असेल, तेथे त्याने रद्द झालेल्या शस्त्रक्रियांची नोंदवही मागावी: तारीख, कारण, रुग्णाचे गाव, पुढचा दिलेला दिवस. अशी वही नसेल तर ती सुरू करण्याचा ठराव त्याच बैठकीत मांडावा.