इंटरनेट भाईजानच्या खिशात नको, घरात हवं

बारावीनंतरची शिष्यवृत्ती माझ्या हातून गेली ती मार्कांमुळे नव्हे, हॉटस्पॉटमुळे. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी मी घरच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरत होते. कागदपत्रं अपलोड होत असतानाच भाईजान मोबाइल खिशात टाकून बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर घरातलं इंटरनेटही गेलं. ते रात्री उशिरा परतले तेव्हा मुदत संपली होती. भाईजानना दोष देऊन काय उपयोग? कॉम्प्युटर सगळ्या घराचा होता, इंटरनेट मात्र एकाच माणसाचं होतं.

वर्षभराने केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलं. त्याने वायर थेट कॉम्प्युटरला जोडली, स्क्रीनवर डायलर बसवला, यूजरनेम-पासवर्ड स्वतःच टाकला आणि निघून गेला. पुढे विंडोज नव्याने टाकावं लागलं, तेव्हा डायलरही पुसला गेला. पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नव्हता. तीन दिवस फोनाफोनी चालली. मालक बदलला, अडचण तीच राहिली. आधी इंटरनेट भावाच्या हाती होतं, आता केबलवाल्याच्या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा कॉम्प्युटरला मोडेमवरून फोन लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज कॉम्प्युटरवर डायलर ठेवायची गरज नाही. तोच यूजरनेम-पासवर्ड एकदा राउटरमध्ये भरला की राउटर आपणहून लॉगिन करतो. वीज जाऊन आली तरी पुन्हा करतो. जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला आणि मोबाइलला लागणारा आयपी ॲड्रेसही तोच देतो. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक लॅन केबल लावली की कॉम्प्युटर सुरू होताच इंटरनेट चालू. वाय-फायचा पासवर्डही टाकावा लागत नाही.

म्हणून कनेक्शन घेताना दोन गोष्टी मागून घ्या. एक, लॉगिन राउटरमध्येच भरून द्या. दोन, यूजरनेम आणि पासवर्ड लिहून द्या. ते घरातल्या वहीत उतरवा आणि वही कुठे आहे हे अम्मीलाही माहीत असू द्या. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बहुधा त्याच्या खालच्या बाजूला छापलेला असतो. तो बदला आणि नवा त्याच वहीत लिहा. ब्रॉडबँड परवडत नसेल, तर घरातला एखादा जुना स्मार्टफोन आणि एक सिम कॉम्प्युटरपाशीच ठेवा. यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की काम भागतं. तो फोन घराबाहेर न्यायचा नाही, एवढा नियम मात्र सगळ्यांनी पाळायचा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: इंटरनेट असं मोकळं ठेवलं तर मुली बिघडतील. हाच विचार एका वसतिगृहानेही केला होता. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मुलींना मोबाइल वापरायला बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. वसतिगृहाला तिला परत घ्यावं लागलं.

आपल्या घरांत अशी लेखी बंदी नसते. तिथे हॉटस्पॉट बंद होतो, पासवर्ड सांगितला जात नाही, 'भाई आल्यावर बघू' असं म्हटलं जातं. परिणाम तोच होतो. संविधानाच्या हक्कांवर आपण सभांमध्ये बोलतो. तो हक्क आपल्याच बहिणीपर्यंत पोहोचवायला एक लॅन केबल आणि वहीचं एक पान पुरतं.

भावांनो, येत्या रविवारी तासभर काढा. लॉगिन राउटरमध्ये टाका, केबल लावा, पासवर्ड लिहून ठेवा. मग मोबाइल खिशात घालून खुशाल बाहेर जा. घरात कुणीतरी अर्ज भरत असेल.